रिओचे सुवर्ण आणि त्याआधीची वर्षे

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून शाळेत बांबू उडीचा सराव करते. वर्षभर तिची उडी एकाच उंचीवर अडली असल्याने ती खचून गेली आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये आमच्या माण तालुक्यातील मोहीच्या ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हापासून आमच्या घरी मैदानी स्पर्धा आवर्जून पाहिल्या जातात. त्याच ऑलिंपिकमध्ये ग्रीसच्या कॅटरिना स्टेफानिडीची आणि अमेरिकेच्या खेळाडूची उडी सारखीच असताना सुवर्णपदक एकटीलाच कसे मिळाले? तिच्या कारकिर्दीविषयीही सांगावे.
– एक पालक, दहिवडी (जि. सातारा)

उत्तर : या खेळात प्रत्येक उंचीवर तीन प्रयत्न मिळतात. पंच आपल्या तक्त्यावर यशस्वी उडीसाठी गोळा, चुकलेल्या उडीसाठी फुली आणि सोडलेल्या उडीसाठी आडवी रेघ मांडतात, त्यामुळे तो कागद मुलांच्या फुली-गोळ्याच्या डावासारखा दिसतो. रिओत स्टेफानिडी आणि सँडी मॉरिस या दोघींनी ४.८५ मीटर पार केले आणि त्यापुढे दोघीही अडल्या. अशा वेळी शेवटच्या यशस्वी उंचीवर कोणाच्या फुल्या कमी आहेत हे आधी पाहतात, आणि तिथेही बरोबरी असेल तर त्या उंचीपर्यंतच्या सगळ्या फुल्या मोजतात. हा हिशेब स्टेफानिडीच्या बाजूने लागला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत केटी मून आणि नीना केनेडी यांची ४.९० मीटरची उडी आणि फुल्या, दोन्ही सारख्या निघाल्या, तेव्हा मात्र नियमानुसार त्यांना सुवर्ण वाटून घेता आले.

स्टेफानिडीचा जन्म १९९० मध्ये अथेन्सला झाला. महिलांची बांबू उडी ऑलिंपिकमध्ये प्रथम आली ती २००० साली, सिडनीत, म्हणजे तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. पंधराव्या वर्षी, २००५ मध्ये, तिने मोरोक्कोतील माराकेशच्या जागतिक युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकले. पुढे काय झाले ते आपल्या कन्येला अवश्य सांगावे. २००७ मध्ये त्याच स्पर्धेत तिला रौप्य मिळाले, २००८ च्या जागतिक कनिष्ठ गटात कांस्य, आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ती उतरली तेव्हा पात्रता फेरीतच बाहेर पडली. तिच्या सुवर्णपदकांपेक्षा ही सात वर्षे मला अधिक मोलाची वाटतात, कारण एवढ्या लवकर नाव झालेल्या मुलीला इतका काळ मैदानावर टिकून राहणे फार जड जाते. २०१४ मध्ये युरोपीय स्पर्धेत रौप्य, २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमला युरोपीय विजेतेपद आणि पुढच्याच महिन्यात रिओ, असा मग तिचा चढता काळ आला. लंडनच्या ज्या मैदानावरून ती २०१२ मध्ये रिकाम्या हाताने परतली होती, तिथेच २०१७ मध्ये ४.९१ मीटर उडी मारून ती जागतिक विजेती ठरली. २०१८ मध्ये तिने युरोपीय विजेतेपद राखले, २०१९ मध्ये दोहाला जागतिक कांस्य मिळवले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली.

आता आपल्या मुलीविषयी. या वयात उंची आणि वजन भराभर वाढते. फायबरच्या प्रत्येक पोलवर तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे, हे लिहिलेले असते. वजन त्या आकड्याच्या पुढे गेले की तोच पोल प्रमाणाबाहेर वाकतो, पायांना वर जायला हवा तो नेट मिळत नाही आणि पोल मोडण्याचीही भीती असते. तेव्हा तो आकडा आणि तिचे आजचे वजन आधी ताडून पाहावे. पोलवरची पकड वर सरकवण्याचा प्रयोग प्रशिक्षकांच्या गैरहजेरीत तिने मुळीच करू नये. सरावाच्या वहीत तिने पंचांप्रमाणेच रोज फुली, गोळा आणि रेघ मांडावी. ज्या उंचीवर वर्षापूर्वी दोन फुल्यांनंतर गोळा येत होता, तिथे आता तो पहिल्याच प्रयत्नात येत असेल, तर ती वही आपण प्रशिक्षकांना अवश्य दाखवावी.