विमानाची भीती आणि अंदमानची सहल: तिकीट काढण्याआधी काय ठरवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून तुम्ही, यजमान आणि दोन मुलं असं चौघांनी डिसेंबरच्या शेवटी आठवडाभर अंदमानला जायचं घाटतंय. सहा वर्षांपूर्वी जुलैत दिल्लीहून येताना विमान जोरात हादरलं, तेव्हापासून तुम्ही विमानात पाय ठेवलेला नाही. १२ जून २०२५च्या अहमदाबादच्या अपघातानंतर तर विषय निघाला तरी छातीत धडधडतं. चेन्नईहून बोटीने जावं, की सहलच रद्द करावी?

आधी बोटीचं बघू. चेन्नई ते श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, बोटीला साठेक तास लागतात. महिन्याला मोजक्याच फेऱ्या, त्यांच्या तारखाही मागेपुढे होतात. आठवड्याच्या सुट्टीतले पाच दिवस समुद्रातच जातील. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम. बोट लागणाऱ्या माणसाला त्या साठ तासांपुढे सव्वादोन तासांचं विमान सुखाचं वाटेल. बोट सोडून द्या.

सहल मात्र रद्द करू नका. भीती गेली की मग विमानात बसू, असं म्हणणाऱ्यांची वर्षं अशीच जातात, कारण प्रत्येक टाळलेल्या प्रवासाबरोबर मेंदू "वाचलो बुवा" अशी नोंद करतो आणि भीती पक्की होत जाते. भीती सोबत घेऊनच बसायचं असतं, आणि त्याची निम्मी तयारी तिकीट काढतानाच होते. तुमच्या हातात तीन महिने आहेत, ते पुरेसे आहेत.

पहिल्यांदा कागद घेऊन नेमकं कशाला घाबरता ते लिहा. "विमानाला" हे उत्तर नाही. विमान पडेल याची भीती, दार बंद झाल्यावर बाहेर पडता येणार नाही याची भीती, उंचीची भीती आणि "मला सगळ्यांसमोर काहीतरी होईल" ही भीती, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी. कोंडल्यासारखं होणाऱ्याने खिडकी टाळून पॅसेजची जागा घ्यावी. उंचीची भीती असणाऱ्यानेही तेच करावं. हादऱ्यांना घाबरणाऱ्याला खिडकी बरी पडते, कारण क्षितिज दिसलं की शरीराला आपण सरळ आहोत हे कळतं. तुमच्या लिहिण्यावरून तुमची भीती हादऱ्यांची आणि पडण्याची आहे, म्हणून पुढचं त्या अंगाने.

हादरे कधी बसतात? ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवा वर उसळते, दुपारी ढग उभे राहतात. म्हणून सकाळचं पहिलं विमान सहसा सर्वांत शांत. तुमचा तो जुलै म्हणजे भर पावसाळा, ढगांची सगळी उलथापालथ चालू असलेला काळ. डिसेंबरअखेरचं आकाश वेगळं असतं. अंदमानला कोलकात्याहूनही विमानं जातात, पण डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटेच्या धुक्याने विमानं रखडतात, आणि घाबरलेल्या माणसाला विमानतळावरचे चार तास प्रवासापेक्षा जड जातात. चेन्नईला ईशान्य मोसमी पावसाचा जोर सहसा डिसेंबरच्या मध्यापर्यंत असतो, त्यामुळे २० तारखेनंतर चेन्नईमार्गे जाणं मला जास्त सोयीचं वाटतं.

पुणे–चेन्नई आणि चेन्नई–श्री विजयपुरम ही दोन्ही उड्डाणं एकाच दिवशी घेऊ नका. आदल्या दिवशी चेन्नईला पोचा, विमानतळाजवळ मुक्काम करा आणि सकाळी पुढे निघा. घट्ट जोडलेल्या वेळा असल्या की पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा निघालं तरी जीव टांगणीला लागतो. रजा जास्त असेल तर जाताना चेन्नईपर्यंत रेल्वेने जायलाही हरकत नाही, जवळजवळ वीस तास लागतात. परतीचे दोन्ही टप्पे मात्र विमानानेच करा. तोवर एक उड्डाण पार पडलेलं असतं आणि दुसरं त्या मानाने हलकं जातं.

जागा पैसे भरून आत्ताच राखा. शे-पाचशे रुपये वाचवायला गेलात आणि वेब चेक-इनला उशीर झाला, तर मधली जागा मिळते आणि यजमान आठ रांगा पुढे. विमान तराजूच्या दांडीसारखं असतं: मध्ये कमी हलतं, शेपटाकडे जास्त. एअरबस ए३२० मध्ये साधारण १० ते १८ या रांगा पंखांच्या आसपास येतात. त्यातली आपत्कालीन दाराची रांग घेऊ नका. तिथे मुलांना बसू देत नाहीत आणि त्या दाराची जबाबदारी मनावर येते ती वेगळीच.

आता सरावाचं. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये, पाऊस सरल्यावर, पुणे–गोवा असं एक छोटं उड्डाण करा. सगळा मिळून तासाभराचा प्रवास, त्यातला बराचसा चढण्यात आणि उतरण्यात जातो, म्हणजे तुम्हाला ज्याचा सराव हवा त्याचाच. मुलांना घरी ठेवा, फक्त दोघं जा. परत येताना बसने यायचा मोह होईल, तरी विमानानेच या. पहिलं उड्डाण धाडसाने होतं, दुसऱ्यात शरीर शिकतं.

हल्ली तुम्ही अपघाताचे व्हिडिओ बघत असाल, प्रवासाच्या आठ दिवस आधीपासून हवामानाचं अ‍ॅप दर तासाला उघडाल, यजमानांना "काही होणार नाही ना?" असं दिवसातून दहादा विचाराल. हे तिन्ही बंद करायचे आहेत. क्षणभर बरं वाटतं आणि पुन्हा विचारावंसं वाटतं, खाजेसारखं. यजमानांनीही "काही होत नाही गं" म्हणायचं सोडून "भीती वाटतेय ना, चल, श्वास मोजू" एवढंच म्हणायचं. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

विमानातल्या आवाजांबद्दल सविस्तर लिहितो, कारण घाबरलेला माणूस कान टवकारून बसलेला असतो आणि प्रत्येक आवाजाचा अर्थ तो स्वतःच लावतो.

दार बंद झाल्यावर, इंजिन सुरू करताना डोक्यावरची हवा थोडा वेळ बंद होते आणि एखादवेळी दिवे लुकलुकतात. ती हवा इंजिन सुरू करायला वळवलेली असते. चेन्नईसारख्या दमट ठिकाणी झडपांतून पांढरा धूर आल्यासारखा दिसतो. ते धुकं असतं, थंड हवेत बाष्पाचे बारीक थेंब झालेलं. ए३२० मध्ये पायाखालून करवत चालवल्यासारखा किंवा कुत्रा भुंकल्यासारखा घर्र-घर्र आवाज येतो. एका बाजूच्या द्रवदाबाने दुसऱ्या बाजूला मदत करणारा पंप आहे तो, बिघाड नाही. धावपट्टीकडे जाताना पंखांच्या मागच्या झडपा सरकतात, त्याचा कण्हल्यासारखा लांबट आवाज.

मग धाव. तीस-चाळीस सेकंद. डोक्यावरचे कप्पे खडखडतात आणि धपधप बसते ती पुढचं चाक धावपट्टीच्या मधल्या दिव्यांवरून जाताना. विमान उचललं की काही सेकंदांत पोटाखाली धप्पकन आवाज: चाकं आत गेली, दारं मिटली.

यानंतरचा मिनिट सर्वांत अवघड, आणि बहुतेकांची भीती इथेच टोकाला जाते. जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतात आणि नाक थोडं खाली घेतात. गर्जना एकदम मंदावते आणि पोटात खड्डा पडतो. आतल्या कानाला वेग वाढणं कमी झाल्याचं कळतं, पण डोळ्यांपुढे समोरच्या खुर्चीची पाठ असते. मग मेंदू निष्कर्ष काढतो, आपण पडतोय. प्रत्यक्षात विमान त्या वेळीही चढतच असतं, फक्त कमी तिरकं. हे वाक्य कार्डावर लिहून हातात धरा: "आता आवाज कमी होईल, पोटात खड्डा पडेल, विमान चढतच आहे." आधी माहीत असलेला खड्डा आणि अचानक आलेला खड्डा यांत फार फरक पडतो.

उतरायला सुरुवात मुक्कामाच्या साधारण अर्धा तास आधी होते. तेव्हा इंजिनं जवळजवळ निवांत असतात, म्हणून शांतता भासते. ती बंद पडलेली नसतात. पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहिल्या की अंग थरथरतं. शेवटच्या काही मिनिटांत चाकं बाहेर येतात तेव्हा वारा घोंघावतो. टेकल्यावरची मोठी गर्जना ही वेग मारण्यासाठी. आणि क्वचित असं होतं की जमीन जवळ आलेली असताना विमान पुन्हा पूर्ण जोराने वर जातं. धावपट्टी मोकळी नसली किंवा वारा बदलला की असं करतात, आणि वैमानिकांच्या सरावातलं ते नेहमीचं पाऊल आहे.

समुद्रावरून जाताना मनात येईल, खाली तर पाणीच आहे. चेन्नई ते श्री विजयपुरम हवाई अंतर सुमारे साडेतेराशे किलोमीटर, म्हणजे अगदी मधोमध असलात तरी दोन्ही टोकं पावणेसातशे किलोमीटरवर. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर तासाभराच्या आसपास पोचता येतं, आणि हे विमान एका इंजिनावर उडत राहील असंच बनवलेलं आणि तपासलेलं असतं. वैमानिकांची दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा होते, त्यात इंजिन बंद पडण्याचा प्रसंग असतोच. पंख हलताना दिसले तर ते हलायलाच हवेत, ताठ पंख मोडले असते. प्रत्यक्ष उड्डाणात अपेक्षित असलेल्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसण्याची ताकद त्यांना दाखवावी लागते, तेव्हाच मान्यता मिळते.

अहमदाबादचा अपघात खोटा ठरवता येत नाही आणि तसं कुणी सांगू पाहिलं तर मन पटवूनही घेत नाही. तो झाला, माणसं गेली, त्याचं दुःख रास्तच आहे. पण जुलैतले हादरे आणि तो अपघात यांची मनात सांगड घालू नका. हादऱ्यांत इजा होते ती बहुतेक वेळा पट्टा न बांधलेल्यांना. पट्टा सूचना विझली तरी बांधलेलाच ठेवा, कमरेला घट्ट. इतकं केलंत की हादरे त्रासदायक राहतात, धोकादायक सहसा राहत नाहीत.

एक प्रयोग सोबत न्या. अर्धी भरलेली पाण्याची पारदर्शक बाटली समोरच्या ट्रेवर ठेवा. विमान डुगडुगू लागलं की स्वतःच्या पोटाकडे लक्ष न देता पाण्याकडे बघा. तुम्हाला वाटतं आपण शंभर फूट खाली कोसळलो, आणि बाटलीतल्या पाण्याची रेघ बोटभरही हललेली नसते. वरंधा घाटात एसटीत हीच बाटली ठेवली तर झाकण लावावं लागेल.

श्वासाचं तंत्र आजपासून, रोज दोनदा पाच-पाच मिनिटं. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. खोल श्वास घेऊ नका, बाहेर सोडणं लांबवा. घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि "मला काहीतरी होतंय" म्हणत माणूस आणखी भराभर श्वास घेतो. विमानात पहिल्यांदाच हे तंत्र वापरायला गेलात तर चालणार नाही, ते अंगवळणी पडलेलं हवं. खुर्चीचे हात आवळून बसलात तर मुद्दाम सात सेकंद मुठी घट्ट आवळा आणि सोडून द्या. तीनदा.

कार्डाच्या मागच्या बाजूला दोन रकाने आखा: वेळ आणि भीती, शून्य ते दहा. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. घबराट सहसा दहाएक मिनिटांत शिखर गाठते आणि मग ओसरू लागते. ९, ९, ७, ८, ५ असे उतरते आकडे आपल्याच हस्ताक्षरात बघितले की पुढच्या वेळी त्यांचा आधार होतो. गोव्याचं कार्ड फेकू नका, अंदमानला जाताना पुढच्या कप्प्यात ठेवा.

गोळ्यांबाबत सावध राहा. घरातल्या कुणाची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम उचलून घेऊ नका, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची औषधं आहेत. त्यांनी गुंगी येते, दारूबरोबर ती घातक ठरतात, आणि गुंगीत पार पडलेल्या प्रवासातून मन काहीच शिकत नाही. धडधडीवरच्या प्रोप्रानोलोलने दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी काही दिलंच तर पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघा, विमानात नव्हे. अव्होमिन मळमळीवर चालते, भीतीवर नाही. त्या सकाळी कॉफी टाळा, पण उपाशी निघू नका; उपमा-पोहे असं काही पोटात असू द्या.

सराव करूनही झोप उडत असेल, तिकीट काढायलाच हात धजत नसेल, तर समुपदेशकाकडे जा आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, करतात का विचारा. या भीतीवर ती पद्धत चांगली लागू पडते, आणि वर लिहिलेलं बरंचसं तिथे पद्धतशीर करून घेतात. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

विमानात शिरताना दारातल्या हवाई सेविकेला एकच वाक्य सांगा: "मला उडायची भीती वाटते, मी १४ अ वर बसलेय." त्यांना याची सवय असते. हादरे सुरू झाले की बहुधा एखादी चक्कर मारून बघून जातात. मुलांनाही आधी सांगा की आईला भीती वाटते आणि ती तरीही येतेय. धाकट्याला बाटलीवर नजर ठेवायचं काम द्या, थोरल्याला दर पाच मिनिटांनी "आई, आकडा?" विचारायचं.