रोमन 'दिनार' म्हणावं की 'देनारियस'?

प्रश्न असा आहे : रोमन चांदीच्या नाण्याला मराठीत 'दिनार' म्हटलं तर चालेल का, आणि दिनार तर अरबी शब्द ना?

मूळ अरबी नाही, लॅटिन आहे. लॅटिनमध्ये 'देनी' म्हणजे दहा-दहा. त्यावरून 'देनारियस', म्हणजे दहा 'अस' किमतीचं चांदीचं नाणं. (अस हे काशाचं नाणं.) इ.स.पू. २११च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी रोमचं दुसरं युद्ध चालू असताना ते पाडायला सुरुवात झाली. सुरुवातीच्या नाण्यांवर रोमा देवीच्या डोक्यामागे फुलीसारखी खूण दिसते, ती फुली नव्हे, रोमन दहाचा आकडा. पुढे भाव सोळा अस झाला, तरी नाव दहाचंच राहिलं.

मग दिनार सोन्याचा कसा झाला? सोन्याच्या 'ऑरियस'लाही 'सोन्याचा देनारियस' म्हणत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तिकेत भडोचच्या बंदरात सोन्याचे आणि चांदीचे देनारियस येतात, ते तिथल्या चलनात बदलले की नफा होतो, अशी नोंद आहे. संस्कृतात 'दीनार' रुजला तो मात्र मुख्यतः सोन्यासाठी. सांचीला दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातल्या लेखात २५ दीनारांचं दान आहे. अरबांनीही सोन्याला दिनार म्हटलं आणि चांदीला दिरहम. हा दिरहम ग्रीक 'द्राख्मा'चा, म्हणजे आपल्याकडच्या 'द्रम्म' या जुन्या नाण्याचा आणि 'दाम'चा भाऊबंद.

म्हणून 'रोमन दिनार' व्युत्पत्तीने चूक नसलं तरी नाणेसंग्राहकाने ते टाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर सोनं येतं. दक्षिण भारतात भरपूर सापडणारं तिबेरियसचं नाणं घ्या : एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राट, दुसरीकडे हातात राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री, कडेने 'पॉन्तिफ मॅक्सिम' (म्हणजे मुख्य पुरोहित) ही अक्षरं. याची नोंद 'तिबेरियसचा दिनार' अशी केली, तर धातू वेगळा लिहावा लागतो. 'देनारियस' लिहिलं की चांदी आपोआप आली.

अनेकवचनाला 'देनारी' करायची हौस नको. 'दोन देनारियस' पुरे. आणि 'तो देनारियस' म्हणा किंवा नाण्याकडे बघून 'ते' म्हणा, पण एका यादीत दोन्ही नकोत.