स्लॅलम स्की शर्यतपटूची कारकीर्द कशी असते, किती वर्षं चालते?
स्लॅलम म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळत स्कीवर उतरण्याची शर्यत. किती वर्षं, हे वयापेक्षा गुडघे ठरवतात. अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये १८ व्या वर्षीच स्लॅलमचं सुवर्ण घेतलं. स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क १९७४ ते १९८९ वर्ल्ड कप शर्यती जिंकत राहिला. नवख्यांचं खरं दुखणं म्हणजे उशिरा उतरायचा क्रमांक. तोवर आधीच्यांनी वळणावळणावर बर्फात चर पाडलेले असतात, आणि त्यातूनच पहिल्या फेरीत पहिल्या ३० जणांत यावं लागतं. नाहीतर दुसरी फेरी नाही, वर्ल्ड कपचे गुणही नाहीत. विजेत्याला १०० गुण, तिसाव्याला १! त्यात एक स्की खांबाच्या चुकीच्या बाजूने गेली की खेळ खल्लास. पैसा म्हणाल तर मोजक्यांनाच. बाकीचे स्पॉन्सर शोधत फिरतात.