वाचक विचारतात : शहीद पोलिसांना मानवंदना

प्रश्न : २१ ऑक्टोबरला आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या सोसायटीत शहीद पोलिसांना श्रद्धांजली वाहायची आहे. तयारी कशी करावी? राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवावा का?

उत्तर : ध्वज उतरवू नका, तो सरकारी आदेशानेच अर्ध्यावर येतो. १९५९ मध्ये याच तारखेला लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान धारातीर्थी पडले, म्हणून हा पोलीस स्मृतिदिन.

सगळ्यात जास्त वेळ नावांच्या यादीला द्या. नाशिक शहर पोलीस आयुक्तालय वेगळे, ग्रामीण अधीक्षक कार्यालय वेगळे; एकाच ठिकाणी विचारलेत तर निम्मी नावे सुटतात. हुद्दा, पूर्ण नाव, वर्ष लिहून घ्या आणि घरच्यांकडून उच्चार तपासा. चुकीचे नाव कानावर पडले की शहिदाच्या माउलीच्या काळजाला घरे पडतात.

पुष्पचक्र दीड-दोन फुटांचे, झेंडू-शेवंतीचे. ऑक्टोबर हीटमध्ये गुलाब लवकर माना टाकतो. गुळगुळीत ग्रॅनाइटवर चक्र घसरते, तिरका स्टँड ठेवा. नावे वाचून झाल्यावर दोन मिनिटे मौन. जखमी पोलिसांना आधी विचारूनच बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, मंचाच्या पायऱ्या चढायला लावू नका; सत्कार त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन करा.