पत्र्याखालची खोली आणि विजेचं बिल

प्रश्न : मुलगा नीटच्या क्लाससाठी लातूरला राहतो. खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याची. एप्रिलात दुपारी आत बसवत नाही. कूलर दिवसभर चालतो, बिल आमच्या माथी. इंग्लंडमध्ये म्हणे अशी खोली भाड्याने देताच येत नाही. आपल्याकडे असा कायदा आहे का?
– एक पालक, अहमदपूर

उत्तर : नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराला ऊर्जेच्या वापरावरून ‘ए’ ते ‘जी’ श्रेणी मिळते. १ एप्रिल २०२० पासून, सूट नोंदवलेली घरं सोडता, ‘ई’च्या खालचं घर भाड्याने ठेवता येत नाही. तिथली काळजी मुख्यतः थंडीची. आपली इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली, २०१८ची, तीही नव्या बांधकामांसाठी. तुमच्या मुलाच्या खोलीपर्यंत ती पोचत नाही, याची मला खरंच खंत वाटते. छपराचा खर्च मालकाचा आणि बिल भाडेकरूचं, मग छपराला हात कोण लावणार?

तुमच्या हातात आहे तो करार. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. त्यातच ‘मार्चअखेर पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग मालक देईल’ अशी ओळ घालून घ्या. चार-पाच पालक मिळून बोला. एकट्याला ‘दुसरी खोली बघा’ हेच ऐकावं लागतं.

प्रश्न : माझ्या सहा पत्र्याच्या खोल्या भाड्याने आहेत. थोडक्या पैशात गारवा कसा आणू? आमचं जुनं माळवद किती थंड असायचं!
– घरमालक, नांदेड

उत्तर : असायचंच, पांढऱ्या मातीचा जाड थर ऊन खाली येऊ देत नसे. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात माणसं दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या त्याच ओझ्याखाली गेली. म्हणून छपरावर माती चढवा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

पत्रा घासून धुवा, गंज काढा आणि उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी धुवायचा. तुमच्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. पत्र्याखाली छत लावणार असाल तर मध्ये पोकळी ठेवा आणि दोन्ही टोकांना झरोके ठेवा, म्हणजे तापलेली हवा बाहेर पडेल. उघडं थर्मोकोल मात्र लावू नका, ते पेट घेतं.

जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३०च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट वाचतात.

प्रश्न : चार बिऱ्हाडांत एकच मीटर आहे. मालक सबमीटरवर सरसकट जास्त दर लावतो.
– कामगार, वाळूज

उत्तर : चौघांचे युनिट एकाच बिलात मिळाले की वरचा, महाग टप्पा लागतो. त्यामुळे तुम्ही एकट्याने काटकसर केली तरी दर चढाच राहतो. वीज कायदा, २००३च्या कलम ४३ प्रमाणे मालकाइतकाच जागेत राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. मालकाचं संमतिपत्र जोडलंत तर महावितरणकडे काम सोपं होईल. तोवर दर महिन्याला मूळ बिल पाहायला मागा, एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा आणि येईल त्याच दराने पैसे द्या.