आईबाबांच्या लग्नाची चाळिशी आणि आमचं कोर्ट मॅरेज, दोन्ही अलिबागला एकाच दिवशी करता येईल का?

प्रश्नकर्तीने दिलेली माहिती अशी: ती खारघरची, हिंदू. होणारा नवरा वसईचा, ख्रिस्ती. धर्म कोणीच बदलणार नाही. या डिसेंबरात, म्हणजे 2026 मध्ये, तिच्या आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. पन्नाससाठ माणसांत, समुद्रासमोर, विवाह अधिकाऱ्यालाच किनाऱ्यावर बोलावून दोन्ही जोड्यांचं एकत्र उरकायचं आहे.

होईल. पण माझा सल्ला असा की सह्या सकाळी कचेरीत करा आणि हार संध्याकाळी किनाऱ्यावर घाला. अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्यालय आहे, त्यामुळे दोन्ही एकाच गावात, एकाच दिवशी जमतं. दापोली-गुहागरला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यायलाच दिवस मोडतो.

तुमचं लग्न होणार विशेष विवाह कायदा, 1954 खाली. त्यासाठी दोघांपैकी एकजण नोटीस देण्याआधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला हवा. इथेच मुंबईकरांचे बेत फसतात, कारण रिसॉर्टचं बुकिंग किंवा मित्राचा बंगला म्हणजे वास्तव्य नव्हे. तुमचं नशीब असं की खारघर पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडातच आहे. (वाशी-नेरूळवाल्यांना ही सोय नाही, ते ठाणे जिल्ह्यात मोडतात.) आधारवर अजून जुना पत्ता असेल तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा. जिथे नोटीस तिथेच लग्न, म्हणून खारघरच्या पत्त्यावर अलिबागच्या कार्यालयात नोटीस घेतात ना, हे रिसॉर्टला आगाऊ रक्कम देण्याआधी तिथे विचारून घ्या.

आता तारखांचं गणित. नोटीस प्रसिद्ध झाली की 30 दिवस हरकतींसाठी ठेवतात आणि त्यानंतरच लग्न लागतं. पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. नोटीस सोमवार, 2 नोव्हेंबर 2026 ला दिली आणि त्याच दिवशी कचेरीच्या फलकावर लागली असं धरा. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ तुमच्या हातात राहतो. गोची अशी की 30 दिवस मोजतात ते प्रसिद्धीपासून आणि तीन महिने मोजतात ते नोटीस दिल्यापासून. नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येते, पण ‘सबमिट’ झालं म्हणजे फलकावर लागली असं नाही. कागदात त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि आठवडा जातो. तेव्हा किमान दहा-बारा दिवस हातचे ठेवा. शिवाय 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे, त्या आठवड्यात काही हलेल ही आशा नको.

नवरा वसईचा, म्हणून नोटिशीची प्रत पालघर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. घरात कोणाला अजून सांगितलं नसेल तर नोटिशीच्या आधी सांगा. हरकत मात्र कायद्यातल्या अटींवरच घेता येते: वय (मुलगा 21, मुलगी 18), आधीचा जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होत नाही. पण लेखी हरकत आली की अधिकाऱ्याला चौकशी करावी लागते, तिला आणखी 30 दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि तेवढ्यात तुमची तारीख गेलेली असते.

कागद फार नाहीत. दोघांचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि ओळखपत्रासह तीन साक्षीदार. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, विधवा-विधुर असाल तर मृत्यूचा दाखला. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटलेलं, आधारवर सुटं, दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. प्रमाणपत्र पुढे व्हिसाला लागणार असेल तर पासपोर्टवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच नोटिशीत घाला, आणि सही करण्यापूर्वी छापील मसुदा बोट ठेवून वाचा. सही झाल्यावरची दुरुस्ती म्हणजे खेटे.

अधिकाऱ्याला किनाऱ्यावर बोलावण्याबद्दल. कायद्याच्या कलम 12 मध्ये कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर, जादा शुल्क भरून लग्न लावायची सोय आहे. म्हणजे मागणी बेकायदा नाही. पण हा अधिकारी बहुधा दुय्यम निबंधक असतो आणि त्याच्या दारात खरेदीखतांची रांग असते. ऐनवेळी तो अडकला तर साठ पाहुणे आणि गुरुजी-फोटोग्राफर ताटकळणार. त्यापेक्षा शुक्रवार धरा (शनिवार-रविवार सरकारी कचेऱ्या बंद), आदल्या आठवड्यात वेळ ठरवून घ्या आणि सकाळी अकराला दोघं अधिक तीन साक्षीदार एवढेच जा. घोषणापत्रावर सह्या होतात, मग अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना म्हणायचं: ‘मी अमुक, तमुक यांना माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो,’ आणि तसंच उलट. तुम्हाला समजेल त्या कोणत्याही भाषेत चालतं. हे वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही, मग बाकी कितीही विधी करा. तेच वाक्य संध्याकाळी माइकवर सगळ्यांसमोर पुन्हा म्हणायला कोणाचीच आडकाठी नाही.

साक्षीदार म्हणून आदल्या रात्री अलिबागला मुक्कामी असणारेच घ्या, आणि चौथा राखीव ठेवा. सकाळच्या लाँचने येतो म्हणणारा मामा मांडव्याच्या बसमध्ये असतो आणि इकडे तुमची पाळी निघून जाते.

तुमच्या बाबतीत वेगळी असलेली आणि कोणी न सांगणारी एक गोष्ट. दोघंही हिंदू (किंवा बौद्ध, शीख, जैन) असते तर या कायद्याखाली लग्न करूनही वारसाहक्क हिंदू कायद्यानेच राहिला असता. तुमच्यापैकी एक ख्रिस्ती आहे, त्यामुळे कलम 19 आणि 21 लागू होतात. तुम्ही कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबातून विभक्त धरल्या जाता आणि दोघांच्या संपत्तीचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे ठरतो. वडिलोपार्जित जमीन किंवा सामाईक घर असेल तर वकिलाशी तासभर बोला आणि लग्नानंतर दोघांनी मृत्युपत्र करा. घाबरण्यासारखं काही नाही, पण आईबाबांना हे दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं.

आईबाबांचं प्रकरण उलट सोपं आहे. लग्नाचं ‘नूतनीकरण’ म्हणून कायद्यात काही नाही. त्यांना कचेरीत पुन्हा लग्न लावायला उभं करू नका, उगाच दोन तारखांचे दोन कागद तयार होतील. 1986 च्या लग्नाची नोंदणीच झालेली नसेल (त्या काळातल्या कितीतरी जोडप्यांकडे पत्रिका आणि अल्बम एवढाच पुरावा असतो) तर महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली आपल्या भागातल्या विवाह निबंधकाकडे नमुना ‘ड’ मधलं ज्ञापन द्या. मूळ तारीख कायम राहते. उशिराचा दंड किरकोळ असतो, पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि तीन साक्षीदार लागतात. हे काम ऑक्टोबरातच उरका, म्हणजे त्या दिवशी दोन्ही जोड्यांच्या हातात आपापलं प्रमाणपत्र असेल.

आता समुद्र. भरतीची वेळ पंचांगावरून काढता येते: तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उलट, बाराला भरती, सहाला ओहोटी, आणि तीही मोठी: पाणी इतकं आत जातं की लोक कुलाबा किल्ल्यावर चालत जातात. फोटोत मात्र मागे नुसता काळा, ओला चिखल येतो. शुक्रवार, 18 डिसेंबर शुद्ध अष्टमी-नवमीच्या आसपास येतो. सूर्य साधारण सहा-पाचला मावळतो, भरती पावणेसातच्या सुमारास, आणि भांगाची (अष्टमीच्या सुमाराची, लहान) असल्याने पाणी जवळ आलं तरी अंगावर येत नाही. पाचला सुरू करा, पावणेसहाला हार पडू द्या. (पौर्णिमा 23 ला लागून 24 च्या सकाळी संपते. त्या दोन दिवशी सहाच्या सुमारास ओहोटी, शिवाय नाताळ ते 31 पर्यंत खोल्यांचे भाव गगनाला भिडतात.) नक्की मिनिटं त्या महिन्याच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. एक इशारा: हा ख्रिस्ती लोकांचा आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आहे. वसईकडच्या वडीलधाऱ्यांना या दिवसांत वाजतगाजत लग्न रुचेल का, ते तारीख छापण्याआधी विचारा. तुमच्या बाजूने धनुर्मासाची कुरकुर होईलच, म्हणजे फिटंफाट.

मांडव वाळूत घालू नका. भरतीरेषेखालची जागा सरकारी आहे, परवानग्यांची दारं अनेक आहेत. समुद्राला लागून असलेली खाजगी वाडी किंवा रिसॉर्टची हिरवळ घ्या, किनाऱ्यावर फक्त फोटोला उतरा. ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी तरीही लागते आणि रात्री दहाला आवाज बंद.

दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून सुटतात आणि सूर्यास्तापर्यंत टिकतात. चाळीस दिव्यांनी ओवाळायचं ठरवलं असेल तर उघड्या निरांजनांतले निम्मे वरात निघण्याआधीच विझतात. कणकेचे दिवे खोल करा, फुलवात बुडेल इतकं वितळवलेलं तूप घाला आणि ताट समुद्राकडे पाठ करून, भिंतीच्या आडोशाला पेटवा. पाकळ्या नकोत, अक्षताच ठेवा, आणि पाहुण्यांना वाऱ्याच्या बाजूला उभं करा, नाहीतर अक्षता त्यांच्याच डोळ्यांत. हार निशिगंध-शेवंतीचे करा. डिसेंबरात चांगला मोगरा मिळत नाही आणि गुलाब वाऱ्यात गळतो. माइकला फोमची टोपी हवीच, नाहीतर व्हिडिओत मंगलाष्टकांऐवजी घोंगावणं ऐकू येतं. वाळूत खुर्च्यांचे पाय रुततात, म्हणून आजी-आजोबांसाठी प्लायवूडच्या फळ्यांची वाट टाकून घ्या.

क्रम मी असा ठेवेन: आधी आईबाबा, मग तुम्ही. थोरल्यांना अंतरपाट नको, नुसते हार आणि नव्याने रचलेलं एखादं मंगलाष्टक, पंधरा मिनिटांत संपवा. मग तुमचं वाक्य, अंगठ्या आणि मंगळसूत्र. सप्तपदी करायची तर तीही सकाळच्या सह्यांनंतरच येऊ द्या, म्हणजे लग्नाची तारीख आणि प्रमाणपत्राची तारीख एकच राहते. चर्चमधला आशीर्वाद हवा असेल तर तो वेगळा विषय, त्यासाठी वसईच्या धर्मगुरूंना आत्ताच भेटा, चर्चची परवानगी आठ दिवसांत मिळत नाही.

पाहुण्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सुचवा. गाडी सोबत येते, तासाभरात पलीकडे, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. गेटवेच्या कॅटामरानच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस असते. रस्त्याने वडखळमार्गे येणाऱ्यांना शुक्रवारी दुपारनंतर निघू देऊ नका.

जेवणात पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा-चिकन) ठेवा. वालाच्या शेंगा तोवर यायला लागतात, उशीर झाला तर पोपटीवाल्याला आधीच विचारा. भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, पाण्याचा थेंबही नाही, मडकं उपडं करून अर्धा-पाऊण तास जाळ. एका मध्यम मडक्यात सहा-आठ जणांचं होतं, म्हणजे साठ जणांना आठ-नऊ मडकी, आणि त्यातली तीन शाकाहारी: मार्गशीर्ष आहे, तुमच्या बाजूच्या अर्ध्या मावश्या महिनाभर खात नसतील. मडकी त्यांची वेगळी, जाळही वेगळा लावा.