मुलासोबत मॉडेल रेल्वे सुरू करायची आहे, बजेट 25 हजार. साधा सेट घ्यावा की डीसीसी?

तुम्ही विट्याला राहता, पोरगा सातवीत आहे, वरची एक खोली रिकामी आहे आणि दुकानदार म्हणतोय, "आता डिजिटलच घ्या, साधा घेतलात तर पस्तावाल." मी सांगलीचा, या नादाला लागून बारा-तेरा वर्षं झाली. डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, रुळातून प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देण्याची पद्धत. माझं मत विचाराल तर साधाच घ्या. फक्त इंजिन असं बघून घ्या की त्यात पुढे डिकोडर (हे हुकूम ओळखणारा छोटा बोर्ड) बसेल. खोक्यावर 'डीसीसी रेडी' लिहिलेलं असतं, म्हणजे आत आठ किंवा एकवीस पिनांचं सॉकेट तयार असतं. हे नसेल तर पुढे डिकोडरच्या तारा एकेक करून सोल्डर कराव्या लागतात, आणि पहिल्या वर्षी ते कोणालाच जमत नाही.

साध्या पद्धतीत कंट्रोलर म्हणजे पंख्याचा रेग्युलेटरच समजा. रुळात शून्य ते बारा व्होल्ट डीसी सोडायचे, जास्त सोडले की गाडी पळते, प्लस-मायनस उलटं केलं की मागे येते. गोम एवढीच की त्या रुळावर जेवढी इंजिनं असतील तेवढी सगळी एकदम चालतात. एक थांबवून दुसरं चालवायचं तर रूळ तुकड्यांत तोडून प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण द्यावं लागतं.

डीसीसीत रुळावर कायम पंधराएक व्होल्ट असतात आणि त्यातच हुकूम मिसळलेले असतात. एसटी स्टँडवरचा कर्णा आठवा. घोषणा सगळ्यांच्या कानावर पडते, पण हलते ती जिचं नाव पुकारलं तीच गाडी. प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपला नंबर आला की ऐकतो, नाहीतर गप्प बसतो. ही पद्धत कोणा एका कंपनीची नाही, सगळ्यांनी मानलेलं मानक आहे. त्यामुळे एकाचा डिकोडर दुसऱ्याच्या कंट्रोलरवर चालतो. याउलट काही सेटवर नुसतं 'डिजिटल' छापलेलं असतं आणि आत त्यांचाच ब्लूटूथ रिमोट निघतो, तो दुसऱ्या कशाशीच बोलत नाही. मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या एचओ मापाच्या (माप खाली सांगतो) गाड्या तर मधोमध तिसरा संपर्क असलेल्या रुळावर चालतात, दोन रुळांच्या सामानाशी त्यांचं जमत नाही. घेण्याआधी हे विचारा.

नवीन डिकोडरचा नंबर कारखान्यातून 3 असा येतो. हे मी वाचलं होतं, तरी विसरलो. दोन नवीन इंजिनं रुळावर ठेवली, मोबाईलवर 3 नंबर काढून बोट सरकवलं आणि दोन्ही निघाली. पुढचं मालगाडीचं, हळू गिअरचं. मागच्यानं त्याला वळणावर गाठलं आणि दोन्ही टेबलावरून खाली फरशीवर. एकाचा कपलर (डबा जोडायचा हूक) तुटला, दुसऱ्याची पायरी अजून फेविक्विकवर आहे. म्हणून एका वेळी एकच इंजिन प्रोग्रॅमिंगच्या रुळावर (सेटिंगसाठी वेगळा जोडलेला तुकडा) ठेवायचं आणि सीव्ही 1 मध्ये त्याचा नंबर घालायचा. सीव्ही म्हणजे डिकोडरमधला सेटिंगचा कप्पा. मग सीव्ही 3 आणि 4 ला हात लावा. 3 म्हणजे वेग धरायला किती वेळ, 4 म्हणजे थांबायला किती. मी 3 मध्ये वीस घातले तेव्हा पहिल्यांदा गाडी गाडीसारखी निघाली: इंजिन जरासं सरकलं, मग एकेका कपलरचं खट्, खट्, खट् होत शेवटचा डबा हलला. या खट्-खटसाठीच मी डीसीसीवर गेलो, दिवे-आवाज मला फारसे नकोतच.

आता पैसे. महाग का, तर बहुतेक माल बाहेरून येतो म्हणून. खेळण्यांवरची आयात ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली आणि 2023 मध्ये 70. दुकानदार आणतो तो माल यातून आलेला असतो, त्यामुळे परदेशी साइटवरचा आकडा रुपयांत करून त्याच्याशी भांडू नका. तुमच्या 25 हजारांत डीसीसीचा पूर्ण सेट घ्यायला गेलात तर एक इंजिन, दोन डबे, एक गोल रूळ, आणि पैसे संपले. आठवड्यात पोराला कंटाळा येईल. त्यापेक्षा साधा सेट घ्या, उरलेल्यात दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि चार-सहा सरळ रूळ घ्या. सांधा आला की खेळ सुरू होतो, शंटिंग आलं, इंजिन सोडून घेणं आलं. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. पितळी रुळावर लवकर थर चढतो आणि गाडी धक्के खाते. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं सुती कापड. पॉलिश पेपर कधी लावू नका, ओरखड्यांत घाण बसते.

वर्षभरानं डीसीसीचं मनात आलं तर डीसीसी-ईएक्स बघा. घरी डीसीसीचा कंट्रोलर बनवायचं ते सॉफ्टवेअर, फुकट आहे. आर्डुइनो मेगा या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर मोटर शील्ड (रुळाला वीज पुरवणारा जोडबोर्ड) बसवायचं. माझं दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आत झालं (क्लोन म्हणजे नकली बोर्ड, अर्थात), पॉवर सप्लाय वेगळा. जुन्या शील्डच्या मागच्या बाजूला 'व्ही-इन कनेक्ट' नावाची बारीक पट्टी असते, ती ब्लेडनं कापल्याशिवाय सप्लाय लावू नका, नाहीतर रुळाचे व्होल्ट थेट आर्डुइनोत जातात. तुमचा मुलगा कोडिंग शिकत असेल तर हे काम त्यालाच द्या. आणि डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू देऊ नका, त्याची मोटर उभ्या जागी गुणगुणत तापते. डिकोडर असलेलं इंजिन मात्र साध्या कंट्रोलरवर बहुतेक वेळा चालतं.

माप कोणतं, हे तुम्ही विचारलं नाही, पण तिथेच जास्त लोक फसतात. एचओ म्हणजे 1:87, रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. एन म्हणजे 1:160, अंतर 9 मिलिमीटर. एचओच्या नेहमीच्या सेटमधल्या लांबट गोलाला साधारण चार बाय तीन फुटांची फळी लागते, एन त्याच्या निम्म्यात बसतो. पोराच्या हातात धरायला एचओ बरा. आपल्या ब्रॉडगेजचे 1676 मिलिमीटर 87 नं भागलेत तर 19 च्या वर येतात, म्हणजे एचओचा रूळ भारतीय गाडीला पावणेतीन मिलिमीटरनं अरुंद पडतो. कोथरूडच्या जोशी संग्रहालयात 1998 पासून एचओचं अख्खं गाव फिरतंय, तिथे जाऊन बघा, कोणाच्या डोळ्याला काही खटकत नाही.

मला मात्र एक वेगळंच सापडलं. बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज 762 मिलिमीटरची होती, 1927 मध्ये मिरजेपर्यंत आली. लहानपणी आजीबरोबर मी तिनंच पंढरपूरला जायचो. 762 भागिले 87 केलं तर पावणेनऊ. म्हणजे एन मापाचे 9 मिलिमीटरचे रूळ, वर एचओ मापाची माणसं, झाडं, घरं, की झाली मिरज-पंढरपूर. माझा आत्ताचा लेआउट (फळीवरची रूळ-घरांची मांडणी) तोच आहे, कवठेमहांकाळ स्टेशनचं शेड पुठ्ठ्याचं केलंय.

फळीबद्दल एक. गावभागातल्या जुन्या घरी माझा पहिला लेआउट तळमजल्यावर होता. 2019 च्या पुरात साधं प्लायवूड चार दिवस पाण्यात राहिलं आणि पुस्तकासारखं पानं सुटून आलं. ट्रान्सफॉर्मर गेला. रूळ धुऊन वाळवले, तेच आज वापरतोय. तुम्हाला विट्याला पुराची भीती नाही, तरी गच्चीखालची खोली असेल तर पावसाळ्यात ओल येते, फळी मरीन प्लायचीच घ्या आणि भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा.

खोलीची लांबी-रुंदी आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते खाली लिहा, दोन सांध्यांत बसेल अशी आकृती काढून टाकतो.